क्लिसाँला फितूर म्हणावं का?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झालो, कोथरूडला राहतो. नात अकरावीत आहे, फ्रेंच शिकते. मध्ययुगातल्या एका माणसावर टिपण लिहायचं म्हणून तिनं ब्रिटनीचा (फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या मुलखाचा) सरदार ओलिव्हिए द क्लिसाँ निवडला आणि मला वाचून दाखवला. हा गृहस्थ ब्रिटनीच्या ड्यूकबरोबर, म्हणजे तिथल्या सत्ताधीशाबरोबर, लहानाचा मोठा झाला, त्याच्यासाठी लढताना एक डोळा गमावून बसला आणि पुढे त्यालाच सोडून फ्रान्सच्या राजाकडे गेला, राजाचा सरसेनापती झाला. मी म्हटलं, 'हा तर फितूर!' नात म्हणते, 'आजोबा, ड्यूक स्वतःच राजाचा मांडलिक होता. मग क्लिसाँ वरच्या धन्याकडे गेला, त्यात फितुरी कसली?' आमचा वाद चहाच्या टेबलावर रोज चालू आहे. निकाल आपण द्यावा. ता. क. : या दोघांचं शेवटी मिटलं का, तेही सांगा.

उत्तर : निकाल देते, पण त्यासाठी १३४३ सालात जावं लागेल. क्लिसाँ तेव्हा सात वर्षांचा होता.

त्याच्या आधी दोन वर्षं ब्रिटनीचा ड्यूक निपुत्रिक वारला होता आणि गादीसाठी दोन दावेदार उभे राहिले होते. एक ड्यूकच्या पुतणीचा नवरा, शार्ल द ब्लुआ. दुसरा ड्यूकचा सावत्र भाऊ, जाँ द माँफोर. पहिल्याच्या पाठीशी फ्रान्सचा राजा, दुसऱ्याच्या पाठीशी इंग्लंडचा. क्लिसाँचे वडील, त्यांचंही नाव ओलिव्हिएच, शार्लच्या म्हणजे फ्रान्सच्या बाजूनं लढले. ब्रिटनीतल्या व्हान शहरी ते इंग्रजांच्या हाती सापडले, पुढे सुटून आले, आणि 'सुटले कसे?' या एका शंकेवरून राजाचं मन फिरलं. शस्त्रस्पर्धेच्या निमित्तानं ते पॅरिसला आले असताना राजा फिलिप सहावा यानं त्यांना धरलं आणि २ ऑगस्ट १३४३ रोजी त्यांचा शिरच्छेद केला. मुंडकं नाँत शहरी पाठवून लोकांनी पाहावं म्हणून लावून ठेवलं.

आई, जान द बेल्व्हिल, गप्प बसणारी नव्हती. तिनं माणसं जमवली आणि समुद्रावर फ्रेंच जहाजं लुटायला सुरुवात केली. पुढे तिनं इंग्लंडमध्ये आसरा घेतला. तिथंच ओलिव्हिए वाढला, आणि त्याच्यासारखाच आपल्या मुलखाबाहेर वाढणारा दुसरा एक पोरगा त्याला सोबतीला होता : माँफोरचा मुलगा, त्याचंही नाव जाँ, तीन वर्षांनी धाकटा. एकाच्या बापाला फ्रान्सच्या राजानं मारलेलं, दुसऱ्याच्या बापाची गादी त्याच राजानं अडवलेली. २९ सप्टेंबर १३६४ रोजी ओरेच्या लढाईत हे दोघं एका बाजूनं उतरले. शार्ल द ब्लुआ रणात पडला, त्याचा शूर सरदार बर्त्राँ द्यू गेक्लँ कैद झाला, माँफोरचा जाँ ड्यूक जाँ चौथा झाला. क्लिसाँचा डोळा त्याच दिवशी गेला.

आता मला सांगा, अशा माणसानं पुढच्या पाच-सहा वर्षांत पाठ का फिरवावी?

इतिहासकार गाव्रच्या किल्ल्याकडे बोट दाखवतात. ब्लँ इथे क्लिसाँचा मोठा किल्ला होता आणि गाव्र त्याच्या अगदी शेजारी. ओरेच्या विजयानंतर तो आपल्याला मिळेल असं क्लिसाँनं धरलं होतं. ड्यूकनं तो दिला जॉन चँडॉसला, म्हणजे ज्या इंग्रज सेनानीच्या डोक्यामुळे ओरेची लढाई जिंकली गेली त्याला. ड्यूकची अडचण मला कळते. परक्या सैन्याच्या जिवावर गादी मिळवली की त्या सैन्याचं देणं फेडावंच लागतं, आणि ते फेडायला हाताशी घरच्यांचाच मुलूख असतो. पण क्लिसाँनं काय केलं? इंग्रज शेजारी होण्यापेक्षा सैतान शेजारी बरा, अशा अर्थाचं वाक्य त्याच्या तोंडी सांगितलं जातं. त्यानं गाव्रचा किल्ला पाडला आणि त्याचे दगड वाहून नेऊन ब्लँला बांधकामात लावले, अशी तिकडची परंपरा आहे.

एका किल्ल्यासाठी एवढं? सरंजामी नात्याचा मूळ करार डोळ्यांपुढे नसेल तर हे पोरकट वाटतं. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवताना मला नेहमी इथं थांबावं लागायचं. फळ्यावर 'मांडलिक' लिहिलं की मुलं वहीत अर्थ लिहायची, 'नोकर'. तो शब्द मी दरवर्षी खोडायला लावला. मांडलिक धन्यापुढे उघड्या डोक्यानं गुडघे टेकतो, जोडलेले हात धन्याच्या दोन्ही हातांत देतो आणि म्हणतो, मी तुमचा माणूस झालो. मग धनी त्याला उठवतो आणि त्याच्या तोंडाचं चुंबन घेतो. पुढे पवित्र ग्रंथावर नाहीतर संतांच्या अवशेषांवर शपथ. या उठवण्याला, या चुंबनाला अर्थ आहे. त्या क्षणापासून धनीही बांधला जातो. त्यानं रक्षण करायचं, न्याय द्यायचा, बरोबरीच्या सरदारांपुढे खटला चालवल्याशिवाय जमीन काढून घ्यायची नाही. मांडलिकानं लढाईला यायचं, सल्ला द्यायचा, धनी कैदेत पडला तर खंडणीत वाटा उचलायचा, त्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नाला पैसा द्यायचा. एकानं आपली बाजू सोडली की दुसऱ्याला निष्ठा परत करता येई, मात्र चोरून नव्हे, कळवून. 'आव्हान देणं' या अर्थाचा आजचा फ्रेंच शब्द 'देफिए' हा मुळात निष्ठा मोडल्याचं कळवण्यासाठीच होता. नातीला हे जरूर सांगा, तिला तो शब्द पुढे पुष्कळदा भेटेल.

म्हणून माझं म्हणणं असं की 'क्लिसाँ कोणाशी एकनिष्ठ होता?' या प्रश्नानं काही हाती लागत नाही. दोघांमधला करार आधी कोणी मोडला, ते पाहायचं.

नातीचा मुद्दाही तपासू. 'वरचा धनी' म्हणून राजाकडे जाणं आपोआप रास्त ठरत नाही. माझ्या माणसाचा माणूस माझा माणूस नव्हे, अशी त्या काळातली म्हणच होती. राजाला क्लिसाँकडून निष्ठा हवी असेल तर ती ड्यूकच्या वाटेनं यायला हवी. पण क्लिसाँच्या घराण्याची जमीन नुसत्या ब्रिटनीत नव्हती. आईकडून आलेली मोठी मालमत्ता सीमेपलीकडे पोआतू प्रांतात होती, आणि तिचा धनी ड्यूक नव्हता. एकाच माणसाचे दोन-तीन धनी असणं तेव्हा रोजचं होतं. १३७० च्या ऑक्टोबरात पाँतॉर्साँ इथं क्लिसाँनं बर्त्राँ द्यू गेक्लँशी शस्त्रबंधुत्वाचा करार केला. हा तोच गेक्लँ, जो ओरेला समोरच्या बाजूला होता! करारात एकमेकांना सर्वांविरुद्ध साथ देण्याचं वचन आहे, पण त्यातून काही जण वगळले आहेत : फ्रान्सचा राजा, त्याचे भाऊ, रोआँचा व्हायकाउंट आणि 'ज्यांच्याकडून आम्ही जमीन धरतो ते आमचे इतर धनी'. हे वाचलं तेव्हा मी पेन्सिलनं दोनदा खूण केली. हा माणूस संतापानं आंधळा होऊन राजाकडे पळालेला नाही. कोणाकोणाशी आपण बांधलेले आहोत, याचा हिशेब तो कागदावर मांडतो.

ड्यूकचीही हीच ओढाताण होती, फक्त एक पायरी वर. १३६६ च्या डिसेंबरात त्यानं पॅरिसला जाऊन राजा शार्ल पाचवा याच्यापुढे मांडलिकत्वाचा विधी केला. राजाचे लोक म्हणत, विधी पूर्ण बंधनाचा हवा : कमरपट्टा-तलवार काढून, गुडघे टेकून. ब्रिटनीचे लोक म्हणत, आमचा ड्यूक साधा विधी करतो : उभ्यानं, तलवारीसह. शेवटी 'माझ्या पूर्वजांनी जसा केला तसा मी करतो' अशा शब्दांवर भागवलं, आणि पूर्वजांनी कसा केला ते ज्यानं त्यानं आपापल्या परीनं समजून घेतलं! पण १३७२ मध्ये ड्यूकनं इंग्लंडच्या राजाशी तह केला आणि त्याचे स्वतःचेच सरदार बिथरले. पुढच्या वर्षी त्याला समुद्र ओलांडून इंग्लंडला जावं लागलं. त्याला सोडणारा क्लिसाँ एकटा नव्हता, हे आजोबांनी लक्षात घ्यावं.

तुम्ही विचारलंत म्हणून नव्हे, पण मला इथं कान्होजी जेधे आठवल्याशिवाय राहत नाहीत. कारी गाव पुण्यापासून काही लांब नाही. मी मुलांना स्वारगेटहून एसटीनं भोरला आणि तिथून कारीला घेऊन जायची, रायरेश्वराच्या पायथ्याशी. रोहिड खोऱ्याचे हे देशमुख. त्यांचा कायदेशीर धनी विजापूरचा आदिलशहा. १६५९ मध्ये अफझलखान निघाला तेव्हा आदिलशहाचं फर्मान कान्होजींना आलं : खानाला सामील व्हा. शेजारचा खंडोजी खोपडे गेलाही. कान्होजी आपल्या पाच मुलांसह ते फर्मान घेऊन शिवाजी महाराजांकडे आले. शहाजीराजांनी आपल्याकडून शपथ घेतली आहे, ती मोडणार नाही म्हणाले आणि वतनावर पाणी सोडलं. आता निव्वळ कागदाच्या हिशेबानं पाहिलं तर कान्होजींनी धन्याचा हुकूम मोडला आणि खोपड्यांनी पाळला. तरी मावळातलं लहान पोरही सांगेल यातला इमानदार कोण. इमान कागदावरच्या धन्याशी नसतं, दिलेल्या शब्दाशी असतं.

पण हाच दाखला क्लिसाँला जसाच्या तसा लावायला मी तयार नाही. कान्होजींनी शब्दासाठी वतन सोडलं. क्लिसाँचं वतन बाजू बदलल्यावर वाढतच गेलं. १३७० मध्ये जोसलँचा किल्ला त्याच्याकडे आला, १३८० मध्ये गेक्लँ वारल्यावर फ्रान्सचं सरसेनापतिपद आलं. आणि १३७९ साली तर तो मला सपशेल चुकलेला दिसतो. आदल्या डिसेंबरात राजानं ब्रिटनीची डची, म्हणजे ड्यूकचं राज्यच, जप्त करून टाकली होती. ड्यूक नकोसा झालेले सरदारसुद्धा त्या बातमीनं पेटले. ड्यूक वाईट असेल, पण ब्रिटनी राजाच्या खजिन्यात जमा करायला आम्ही तयार नाही, असं म्हणत त्यांनीच त्याला परत बोलावलं. ऑगस्टमध्ये तो साँ-मालोजवळ उतरला तेव्हा त्याचं स्वागत करणाऱ्यांत शार्ल द ब्लुआची विधवा होती! ज्या माणसामुळे आपला नवरा रणात पडला, त्याला ती मुलखासाठी सामोरी गेली. क्लिसाँ मात्र राजाच्या बाजूलाच राहिला. आजोबा, तुमचा 'फितूर' हा शब्द कुठं बसत असेल तर तो इथं. गाव्रच्या वेळी नव्हे.

प्रश्न : याच क्लिसाँला ड्यूकनं जेवायला बोलावून कैद केलं, असं एका व्याख्यानात ऐकलं. नेमकं काय घडलं? आणि एक लाख फ्रँक खंडणी म्हणजे किती? (एक वाचक, धनकवडी)

उत्तर : १३८७ च्या जून महिन्यातली गोष्ट. ड्यूकनं व्हानला सरदारांची सभा बोलावली होती. क्लिसाँ तेव्हा इंग्लंडवर स्वारीसाठी त्रेगिएच्या बंदरात आरमार सज्ज करत होता, तिथून आला. जेवणंखाणं झाली. ड्यूक तिथं एर्मिन नावाचा नवा किल्ला बांधत होता, तो दाखवायला त्यानं क्लिसाँला नेलं. बुरुजाशी आल्यावर म्हणाला, बांधकामातलं तुमच्याइतकं कोणाला कळत नाही, वर जाऊन बघा आणि काही कमीजास्त असेल तर सांगा. क्लिसाँ जिना चढून गेला. वरच्या माणसांनी दार लावलं आणि त्याच्या अंगावर बेड्या चढवल्या.

ही हकीकत फ्रुआसार या त्या काळच्या बखरकारानं लिहून ठेवली आहे. खाली क्लिसाँचा मेहुणा गी द लाव्हाल उभा होता. दार बंद झालेलं पाहून आणि ड्यूकचा हिरवा पडलेला चेहरा पाहून तो काय ते समजला आणि रात्रभर ड्यूकच्या विनवण्या करत राहिला. ब्रिटनीत याला जोडून आणखी एक कथा सांगतात : ड्यूकनं आपल्या बाझव्हालाँ नावाच्या अधिकाऱ्याला सांगितलं, रात्री याला पोत्यात घालून पाण्यात बुडव. त्यानं हुकूम पाळला नाही. पहाटे ड्यूक पश्चात्तापानं रडू लागला तेव्हा त्यानं सांगितलं, कैदी जिवंत आहे.

ड्यूकला भीती होती, आणि ती पोकळ नव्हती. क्लिसाँ आपल्या मुलीचं, मार्गरीतचं, लग्न शार्ल द ब्लुआच्या मुलाशी लावायच्या खटपटीत होता आणि इंग्लंडात कैदेत असलेल्या त्या मुलाच्या सुटकेचा पैसा स्वतः मोजत होता. गादीच्या जुन्या दावेदाराला जावई करणारा सरदार कुठल्या ड्यूकला झोप लागू देईल? त्याचा दोष संशय घेण्यात नाही. मांडलिकावर आरोप असेल तर त्याला दरबारात उभा करायचा, बरोबरीच्या सरदारांपुढे न्याय करायचा. जेवू घालून बुरुजात कोंडायचं नाही. आणि क्लिसाँ तर तो मुलगा, ज्याच्या बापाला फ्रान्सच्या राजानं असंच स्पर्धेच्या निमित्तानं आलेलं असताना उचललं होतं! ड्यूक जाँला हे लहानपणापासून ठाऊक होतं. त्यानं हेच हत्यार निवडावं, याचा मला आजही राग येतो.

सुटकेसाठी क्लिसाँला एक लाख फ्रँक आणि जोसलँ, ब्लँसह आपले किल्ले द्यावे लागले. सोन्याचा फ्रँक १३६० पासून पाडला जाऊ लागला. एका नाण्यात साधारण ३.८८ ग्रॅम सोनं. म्हणजे एक लाख नाणी म्हणजे सुमारे ३८८ किलो. लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाकडे दहा ग्रॅमचा भाव विचारा आणि गुणाकार करा.

आमच्या गच्चीवरून पावसाळ्यात ढग बाजूला झाले की सिंहगड दिसतो. त्याच्याकडे पाहिलं की मला ही खंडणी जास्त कळते. २५ जुलै १६४८ रोजी जिंजीजवळच्या छावणीत आदिलशाही सेनापती मुस्तफाखानानं शहाजीराजांना बेसावध गाठून कैद केलं. १६४९ मध्ये ते सुटले, पण कोंढाणा देऊन. किल्ला हीच मांडलिकाची खरी ताकद, म्हणून धनी नेमका तोच मागतो. क्लिसाँनं सुटल्याबरोबर पॅरिस गाठलं, राजापुढे फिर्याद मांडली, आणि किल्ल्यांसाठी दोघांत पुढे कितीतरी वर्षं लढाया चालल्या. १३ जून १३९२ च्या रात्री पॅरिसमध्ये पिएर द क्राँ यानं क्लिसाँवर मारेकरी घातले. जखमी क्लिसाँ घोड्यावरून एका पाववाल्याच्या दारात कोसळला म्हणून वाचला. क्राँ ड्यूकच्या आसऱ्याला पळाला. त्याला ओढून काढायला राजा शार्ल सहावा फौज घेऊन निघाला आणि ५ ऑगस्टला ल माँजवळच्या जंगलात त्याला वेडाचा पहिला झटका आला. त्यानं आपल्याच माणसांवर तलवार उपसली. राजाचे चुलते कारभारात आले, त्यांनी क्लिसाँला पदावरून काढलं. धनी आणि मांडलिक दोघंही आता म्हातारपणाकडे झुकलेले, आणि मध्ये पडणारा वरचा राजा उरला नव्हता.

आता कोथरूडच्या आजोबांचा ता. क.

मिटलं. आणि कसं मिटलं ते सांगायलाच मी हे सगळं लिहिलं, असं म्हटलं तरी चालेल.

१३९५ मध्ये ड्यूकनं भेटीचं बोलावणं धाडलं. क्लिसाँ येईना. व्हानच्या बुरुजावर एकदा चढलेला माणूस येईल कसा? तेव्हा ड्यूकनं आपला थोरला मुलगा ओलीस म्हणून जोसलँला पाठवला. पोर सहा वर्षांचंही नव्हतं. ओलीस ठेवणं आपल्याला नवं नाही. पुरंदरच्या तहानंतर आठ वर्षांचे संभाजीराजे मिर्झाराजांच्या छावणीत राहिलेच होते. फ्रुआसार सांगतो की त्या मुलाला दारात पाहून क्लिसाँ विरघळला. त्यानं पोराला किल्ल्यात ठेवून घेतलं नाही. त्याला बरोबर घेऊन तो स्वतः ड्यूकच्या भेटीला निघाला आणि मूल बापाच्या हवाली केलं. दोघं एकटेच बराच वेळ बोलत बसले. ऑक्टोबरात तह झाला.

चार वर्षांनी, १ नोव्हेंबर १३९९ ला ड्यूक वारला. मुलगा दहाचा नव्हता. आता ब्रिटनीत क्लिसाँइतका जबरदस्त माणूस दुसरा नव्हता, आणि जावई गादीचा दावेदार! मार्गरीत बापाकडे आली आणि म्हणाली, ड्यूकची पोरं तुमच्या हातात आहेत, ती संपवा, गादी माझ्या मुलांची होईल. म्हाताऱ्यानं हाताशी होतं ते हत्यार उचललं. ती जीव घेऊन पळाली, जिन्यावरून पडली आणि जन्माची लंगडी झाली, असं ब्रिटनीत सांगतात.

लेकीचे मित्र फ्रान्सला नदीकाठच्या जोसलँ गावात राहतात, म्हणून काही वर्षांपूर्वी मला तिकडे जायला मिळालं. ऊस्त नदीच्या काठावर किल्ल्याचे तीन उंच गोल बुरुज उभे आहेत. गावातल्या देवळात क्लिसाँची समाधी आहे, बायकोशेजारी तो संगमरवरात निजलेला. मी तिथं बराच वेळ उभी होते, आणि मनात सारखा एकच प्रसंग येत होता, १४०२ चा, रेन शहरातला. बारा वर्षांच्या नव्या ड्यूकला सरदारकीची तलवार द्यायची होती. त्याच्या बापासाठी ज्याचा डोळा गेला आणि त्याच्या बापानं ज्याला बेड्या घातल्या, त्या सहासष्टीला टेकलेल्या क्लिसाँनंच ती दिली.